म्हातारीचं कुबड

होडीचं सुकाणू धरणाऱ्या तांडेलाच्या पोराला होडी लागावी, म्हणजे झालीच की पंचाईत! दांडी गावात असं पोर आधी झालं नव्हतं, पुढेही झाल्याचं ऐकिवात नाही. वामन तांडेलाचा एकुलता एक कमलाकांत, होडीने किनारा सोडला रे सोडला की काठावर पोट टेकून ओकायला लागायचा. पोटात काही उरलं नाही की तळाशी जाळ्यांच्या ढिगावर आडवा व्हायचा, तोंडावर ओला फडका टाकून. गाव पोट धरधरून हसलं. वामन हसला नाही आणि चिडलाही नाही. सुकाणूवर उभ्या उभ्या तो तळाशी पडलेल्या पोराला वाट तोंडी शिकवू लागला. "दिसत नसंल तर आयक," म्हणायचा. "आयकून आयकून पन तांडेल होतो मानूस."

ती वाट अशी. समुद्रातून दांडीकडे येताना दूर आत, बोईसरच्याही पलीकडे, एक डोंगर दिसायचा. पाठीत वाकलेली बाई चालली आहे असा, म्हणून त्याचं नाव म्हातारी. अलीकडे किनाऱ्यावर देवीचं पांढरं देऊळ. म्हातारीचं कुबड बरोबर देवळाच्या डोक्यावर आणायचं आणि ते तिथून ढळू न देता होडी सरळ आत घ्यायची. उजवीकडे घसरलात की पाण्याखाली खडक. भरतीला तो दिसत नाही, ओहोटीला नुसते दात दाखवतो, म्हणून गावाने त्याचं नाव ठेवलं सासू. नावं ठेवण्यात दांडीकरांचा हात कोण धरणार!

"कुबड देवलावर," वामन वरून म्हणायचा. "सात वाव पानी. तसंच धर. सा वाव. सासू उजव्या हाताला, तिच्याकडं बगू नको. साडेपाच. कुबड सोडू नको. चार वाव. आली खाडी." दोन्ही हात पसरले की जेवढी लांबी, तेवढा एक वाव. कमलाकांतला ही वाट इतकी पाठ झाली की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवील. डोळ्यांनी मात्र त्याने ती एकदाही पाहिली नाही. फडक्याखालून काय दिसणार, कपाळ!

शेवटी वामनने हात टेकले आणि त्याला पालघरला नकाशे काढायच्या कोर्सला घातलं. तिथे तो रमला. कागद हलत नाही, हे त्याला फार आवडायचं.

एकोणऐंशी साली तो अठरा वर्षांचा होता. त्या पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या आणि कोर्सला सुट्टी होती. त्याने घरी न सांगता एक काम धरलं. बोईसरच्या आत मोरखडी नावाचा डोंगर होता, तिथे एका कंत्राटदाराने दगडाची खाण उघडली होती. दांडीचा किनारा लाटा खात होत्या, तिथे बंधारा घालायचा होता, त्याचा हा दगड. कमलाकांतने मोजणीदाराबरोबर हिंडायचं, उंची मोजायची पट्टी धरून उभं राहायचं आणि आकडे वहीत लिहायचे. डोंगरावर दहा दहा मीटरचे चौकोन आखलेले, प्रत्येक कोपऱ्याची उंची घ्यायची. जूनमध्ये एकदा, डोंगर शाबूत असताना. ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा एकदा, सुरुंगांनी माथा उडवून दिल्यावर. मागची टेकडीही पुढेमागे फोडायची होती, म्हणून तिचीही मापं घेतली. घरी त्याने सांगितलं, जादा क्लास आहेत. काम करायचंच तर जाळी शिवायला बस, असं बाप म्हणाला असता, म्हणून ही थाप. एवढीशी थाप, कुणाचं काय बिघडणार होतं?

दांडीत रीत अशी, की नारळी पुनवेला समुद्राला नारळ वाहिला की पहिली होडी तांडेलकीच्या मानाची. ती एकटी जाते, तीन दिवसांनी परत येते, मग बाकीच्या सुटतात. त्या वर्षी मान वामनचा होता. पहाटे अंधारात निघताना त्याने पोराला विचारलं, "येतोस काय रे ह्या टायमाला?"

"क्लास हाय," कमलाकांत म्हणाला.

"बरं," वामन म्हणाला आणि गेला. बापलेकांचं शेवटचं बोलणं एवढंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी रिमझिम होती, क्षितिज धुरकटलेलं. वामनची होडी परत येताना सरळ सासूवर चढली आणि फुटली. होडीत चौघे. दोघांची प्रेतं चार दिवसांनी खाली एडवणच्या किनाऱ्याला लागली. वामन सापडला नाही, ना त्या दिवशी, ना कधी. चौथा रामू, आनंदा तांडेलाचा पोरगा, तो एका फळीला धरून वाहत आला. जिवंत होता. तीन दिवस घरात डोळे सताड उघडे ठेवून पडला होता आणि एकच बोलत होता, "म्हातारी हालली. बाबा, म्हातारी हालली." पाणी पाजलं तरी तेच, अंगारा लावला तरी तेच. चौथ्या दिवशी सकाळी तो गप्प झाला तो कायमचा, जीवच गेला. पोराला दर्याचं येड लागलं, असं गावाने ठरवलं. डोंगर कधी हलतो का?

त्यानंतर त्या वाटेने कुणी होडी घातली नाही. गाव खाडीच्या उत्तरेकडच्या तोंडाने जाऊ येऊ लागलं. तिथून बघितलं तर डोंगरांची रांग भलत्याच अंगाने दिसते. आणि दांडीतून तर सुरूच्या झाडांमुळे काहीच दिसत नाही. एक कुबड दुरून दिसायचं, तीच म्हातारी, असं सगळे धरून चालले.

आनंदाने मात्र एक गोष्ट घट्ट धरून ठेवली. तांडेलकीत तो वामनच्या खालोखालचा. दर नारळी पुनवेला वामनची बायको हंसा किनाऱ्यावर दिसली की तो पचकन थुंकायचा. "सरळ वाट! आंधला पन आत घेईल. ह्यानी चार घरं बुडिवली." हंसाच्या हातचा नारळ गावाने पुन्हा घेतला नाही.

आणि हंसा? तिने हातातला चुडा उतरवला नाही, कुंकू पुसलं नाही, दिवस घालू दिले नाहीत. "माझा मानूस सासूवर जायाचा नाय," ती म्हणायची. "तो चुकनारा नाय. चुकला नाय, मंग आपटंल कसा? आपटला नाय, मंग मरंल कसा?" होडी कुणा दुसऱ्याची फुटली असेल, फळ्या काय सगळ्या सारख्याच. आपला माणूस वर गुजरातेकडे वाहत गेला, हद्दीपलीकडे पकडला गेला, सुटला की येईल. आता ह्याला काय उत्तर द्यायचं! ती दर संध्याकाळी मासळीची पाटी रिकामी करून बंधाऱ्याच्या एका ठरलेल्या धोंड्यावर जाऊन बसायची आणि अंधार पडला की उठायची. एकोणीस वर्षं.

कमलाकांत आईला काही बोलला नाही. तो तारापूरच्या कारखान्यांत नकाशे काढत राहिला, लग्नाचा विषय निघाला की उठून जाऊ लागला. होडी बुडवलेल्या तांडेलाचा मुलगा म्हणून त्याला मुलगी द्यायला तरी कोण धावत होतं! शहाण्णव साली कारखान्यात कम्प्युटर आला आणि तिघा नकाशेवाल्यांना घरी बसवलं. कमलाकांत चिवट. बोईसरला रात्रीचा क्लास लावून ते यंत्र शिकला. अठ्ठ्याण्णव साली हितेन नावाच्या एका पोरगेल्या माणसाने त्याला कामावर ठेवलं. स्टेशनसमोर औषधाच्या दुकानावर दोन खोल्या, दोन कम्प्युटर आणि परदेशातून आलेलं काम.

काम म्हणजे व्हिडिओ गेमसाठी जमीन बनवायची. अहो, हसू नका, जमीनच. होडी चालवायचा खेळ होता, त्यात एक बेट हवं होतं. डोंगर, किनारा, पाण्याखालचा तळसुद्धा, कारण उथळात गेली की खेळणाऱ्याची होडी अडकायला हवी. पद्धत अशी: पडद्यावर चौकोनांचा एक मोठा पाट, प्रत्येक कोपऱ्याला एक आकडा. आकडा लहान तर तो ठिपका काळा, म्हणजे खोल. मोठा तर पांढरा, म्हणजे माथा. कम्प्युटर त्या आकड्यांवर त्रिकोणांचं जाळं ओढतो, जाळ्यावर गवताचा आणि दगडाचा रंग पांघरतो आणि एका ठरावीक आकड्यापर्यंत पाणी भरतो. झालं बेट तयार.

हितेनने आधी एका प्रोग्रामला सांगून आपोआप डोंगर काढून घेतले होते. गिऱ्हाइकाने ते परत पाठवले. कमलाकांतने बघितले आणि म्हणाला, "हे डोंगर कुठे, हे उकडलेले बटाटे आहेत. ह्यांच्यावरून पाणी कुठून उतरणार?"

"मग तुम्ही काढा. मनाने काढा, कुठलेही चालतील," हितेन म्हणाला.

मनाने काढायचं हीच तर अडचण. आयुष्यभर दुसऱ्याने मोजलेलं कागदावर उतरवणारा हा माणूस. दोन दिवस तो काळ्या पडद्याकडे बघत बसला. आधी पाणी कुठून वाहील ते ठरवायचं, ओहोळ काढायचे, मग डोंगराला आकार येतो, एवढं त्याला कळत होतं. पण खरे आकडे हवेत. तिसऱ्या दिवशी त्याने घरी पत्र्याच्या पेटीतून मोरखडीची जुनी वही काढली. दहा दहा मीटरचे चौकोन, प्रत्येक कोपऱ्याची उंची. हा तर जसाच्या तसा गेमचा पाट! त्याने जूनची मापं घातली, शाबूत डोंगराची. मागची टेकडी घातली. मग किनारा. हात जिकडे नेईल तिकडे तो आखत गेला आणि संध्याकाळी बघतो तर ते दांडी होतं. तीच खाडी, सुरूच्या जागी मोकळी वाळू, आणि देवीचं देऊळ जिथे असायला हवं तिथे. डोंगर किनाऱ्यापासून जेवढा लांब तेवढाच लांब. नकाशेवाल्याच्या हाताला अंतर चुकवता येत नाही. तळासाठी आकडे शोधावे लागलेच नाहीत. ते तोंडातून आले. सात वाव. सहा. साडेपाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी हितेन बाहेरच्या खोलीत होता आणि कमलाकांतने पहिल्यांदा गेममधली नजर पाण्यावर आणली. आतापर्यंत तो सगळं वरून बघत होता, घारीसारखं. आता होडीत उभं राहून दिसेल तसं समोर आलं. सपाट राखाडी पाणी. वारा नाही, कावळा नाही, किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. त्या रिकामेपणाने त्याला होडी लागल्यासारखं वाटलं. त्याने नजर किनाऱ्याकडे वळवली.

पांढरं देऊळ होतं. आणि त्याच्या डोक्यावर, दूर आत, पाठीत वाकलेली एक बाई उभी होती.

त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. ज्या डोंगरावर तो दोन महिने पट्टी धरून उभा राहिला, जो चढताना नुसता दगड आणि कारवी दिसायची, तो समुद्रातून हा असा दिसत होता. मोरखडी म्हणजेच म्हातारी. सदतिसाव्या वर्षी, बोईसरच्या खोलीत बसून, बापाची खूण त्याने पहिल्यांदा डोळ्यांनी बघितली.

"कुबड देवळावर," तो पुटपुटला आणि होडी पुढे घेतली. पडद्याच्या कोपऱ्यात खोली दिसत होती. सात. सहा. उजव्या हाताला सासू पाण्याखाली काळी दिसत होती. साडेपाच. चार. होडी खाडीत शिरली, कुठे नखसुद्धा लागलं नाही.

बाहेरून हितेनने डोकावलं. "कोण आलंय?"

"कोणी नाही."

"मग बोलत कोण होतं? दोघांचे आवाज येत होते."

खोलीत ओल्या दोरखंडाचा वास येत होता, आणि औषधाच्या दुकानात काही दोरखंड विकत नाहीत.

वहीची उरलेली पानं उघडायचं धाडस त्याला दोन दिवस झालं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने ऑगस्टची मापं घातली. माथा गेल्यानंतरची. पुन्हा पाण्यावर आला आणि बघितलं. म्हातारी नव्हती. तिच्या जागी सपाट चौथरा. आणि इतकी वर्षं तिच्या आड लपलेली मागची टेकडी आता वर डोकावत होती, थोडी डावीकडे, थोडी उत्तरेला. तिलाही कुबड होतं. हुबेहूब नव्हे, पण रिमझिमीत, धुरकट दुपारी, तीन दिवसांच्या जागरणानंतर? त्याने ते दुसरं कुबड देवळावर धरलं आणि होडी सरळ आत घेतली. सहा वाव. साडेपाच. तीन. एक. पडदा थरथरला आणि होडी जागच्या जागी अडकली. सासूवर.

म्हातारी हालली. रामू शुद्धीत होता. शेवटच्या क्षणी त्या पोराने ओळखलं होतं, की ही ती नव्हे.

आणि ती हलवली कुणी? पट्टी कुणी धरली, आकडा कुणी लिहिला? ऑगस्टच्या पानावर त्याचंच अक्षर होतं, वळणदार. बाप विचारत होता, येतोस काय रे, तेव्हा त्याला ठाऊक होतं की मोरखडीचा माथा उडाला आहे. मोरखडी म्हणजे म्हातारी, एवढंच तेवढं ठाऊक नव्हतं. कमलाकांत मोरीत गेला आणि ओकला.

आता सांगायचं की नाही? सांगितलं तर बापाचं नाव धुऊन निघतं, रामूचं येड धुऊन निघतं. पण सांगितलं की वामन सासूवर गेला, हे नक्की होतं. एकोणीस वर्षं आई ज्या एका खुंटीला लटकून होती तीच उपटायची. माझा माणूस चुकणारा नाही, म्हणून तो जिवंत आहे. आता चुकला नाही तरी मेला, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा वही जाळावी, गेममध्ये दुसरं काही बेट काढावं, आणि गप्प बसावं. आठ दिवस तो गप्प बसला.

पण पडदा गप्प बसेना. माउसवरून हात काढला की पडद्यावरची नजर आपोआप सरकायची. हळूहळू, उजवीकडे, सासूकडे, आणि तिथे जाऊन थांबायची. "माउसच्या गोळीत कचरा असेल," हितेन म्हणाला. गोळी काढली, स्पिरिटने पुसली. पुन्हा तेच. नवा माउस आणला. तोही उजवीकडे. कमलाकांत दुपारी डबा खात बसायचा आणि समोर ती होडी कुणी न चालवता खडकाकडे जात असायची, रोज, त्याच जागी.

शनिवारी काम कुरिअरने जाणार होतं, आणि शनिवारीच नारळी पुनव होती. बुधवारी तो आनंदाच्या दारात जाऊन उभा राहिला. म्हातारा त्र्याहत्तर वर्षांचा, अंगणात जाळं शिवत होता. वामनच्या पोराला बघून त्याने तोंड फिरवलं.

"काका, थुंकायचं तर थुंका," कमलाकांत म्हणाला. "पन माझ्याबरोबर बोईसरला चला. रामू काय म्हनत होता ते दाखिवतो."

आनंदाच्या हातातली सुई थांबली. तो उठला आणि डोक्याला टोपी घातली.

हितेनने खुर्ची पुढे केली, म्हातारा बसला नाही. "तांडेल बसत नाय," म्हणाला. पडद्यावर राखाडी पाणी आलं, आणि त्याचे डोळे बारीक झाले. शाबूत डोंगर बघून तो लहान पोरासारखा ओरडला, "आयला! म्हातारी! हीच ती. ही तुला कुठं गावली रे?" कमलाकांतने त्याच्या सांगण्याप्रमाणे होडी आत घेतली, बिनचूक.

मग त्याने काही न सांगता आकडे बदलले, धुकं थोडं वाढवलं आणि होडी पुन्हा लांब नेऊन ठेवली. "काका, परत घ्या आत."

"त्यात काय," आनंदा म्हणाला. पाठ ताठ, पाय फाकलेले, जणू खालची फरशी डुलत होती. "उजवीकडं घे अजून. हां. आलं कुबड देवलावर. आता सरळ धर. हालू नको. सा वाव असंल. सरळ, सरळ..." पडदा थरथरला. होडी अडकली.

आनंदा पडद्याकडे बघत राहिला. "कुबड देवलावरच व्हतं," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "ही ती नाय."

"नाही काका. ती त्या पावसाळ्यात कापली. ही तिच्या पाठची."

म्हातारा तेव्हा खुर्चीत बसला. टोपी काढून तोंडावर धरली आणि तिच्यात तोंड खुपसून रडला. "पोराला येड नव्हतं लागलं. तीन दीस सांगत व्हता मला. तीन दीस! आनि मी अंगारे लावले." हितेन दाराशी उभा होता तो खाली निघून गेला.

मग टोपी पुन्हा डोक्यावर घालून आनंदाने विचारलं, "कापली कुनी?"

"खाण कंत्राटदाराची. मापाची पट्टी मी धरली होती. बाबाला मी थाप मारली होती. ती म्हातारी हाय हे मला कळलं नाय, काका. आईशप्पथ नाय कळलं."

कमलाकांतला वाटलं, आता हा मारील. मारावं असं त्याला मनापासून वाटत होतं. आनंदाने हात उचललाही. मग तो खाली घेतला आणि म्हणाला, "एकदा तरी त्वांडावरचा फडका काढून बगायचं व्हतंस रे." ते मारण्यापेक्षा वाईट होतं.

शुक्रवारी संध्याकाळी दोघे बंधाऱ्यावर गेले. हंसा तिच्या धोंड्यावर बसली होती, तोंड समुद्राकडे. आनंदाला बघून तिने पदर सावरला आणि थुंकण्याची वाट बघत मान खाली घातली.

"हंसा," आनंदा म्हणाला, "तुझा मानूस चुकला नव्हता. मी चुकलो. उद्याचा पयला नारळ तुझ्या हातचा."

हंसाच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की कमलाकांतला तिच्याकडे बघवेना. ती उठूनच उभी राहिली. "मी सांगत नव्हते? एकोनीस वर्सं सांगते! चुकला नाय म्हंजे सासूवर गेलाच नाय! कमल्या, आयकलंस काय रे?"

आनंदाने कमलाकांतच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या हाताने जणू पुढे ढकललं.

"गेला, आये," तो म्हणाला. "बाबा सासूवर गेला. न चुकता गेला."

मग त्याने सगळं सांगितलं. थाप, पट्टी, वही, सपाट झालेला माथा, पाठचं कुबड. शेवटी हंसाने एवढंच विचारलं, "तो डोंगूर नेला कुठं मंग?"

कमलाकांतने मान वळवली. दांडीच्या सगळ्या किनाऱ्याला काळे धोंडे रचलेले होते, एकावर एक. "इथंच. हा बंधारा तोच हाय. तू बसतेस तो धोंडा पन."

हंसाने मागे बघितलं. धोंड्याचा माथा एकोणीस वर्षांच्या बसण्याने गुळगुळीत झाला होता. तिने त्याच्यावर हात फिरवला, एखाद्याची पाठ चाचपून बघावी तसा. मग खाली बसली, दोन्ही मनगटं उचलली आणि त्याच धोंड्यावर आपटली. पुन्हा आपटली. काचा पाण्यात गेल्या. आनंदा पाठ फिरवून उभा राहिला.

ती कमलाकांतला रागे भरली नाही. तसं झालं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. घरी जाताना तिने त्याचा हात धरला, मनगटावर रक्त होतं. वाटेत म्हणाली, "त्या तुज्या पेटीत म्हातारी कशी ठिवलीस? कापलेली?"

"दोन्ही हायेत."

"आख्खी ठिव. त्याला खूण नको?"

नवरा मेला म्हणून चुडा फोडून आलेली बाई हे म्हणत होती. कमलाकांतने होय म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहिला नारळ हंसाने वाहिला, पांढऱ्या कपाळाने. दोघातिघांनी कुरकुर केली. आनंदा तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला, तेव्हा ती थांबली.

तिथून कमलाकांत ओल्या पायांनीच बोईसरला गेला. दुपारी कुरिअरवाला यायचा होता. त्याने ऑगस्टचे सगळे आकडे पुसले, जूनचे घातले आणि होडी लांब समुद्रात नेऊन ठेवली, आधी ठेवायचा तिथेच. देवळावर म्हातारी उभी होती. त्याने माउसवरून हात काढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला.

थोडा वेळ काही झालं नाही. मग नजर सरकू लागली. उजवीकडे गेली नाही. कुबड देवळाच्या डोक्यावर आलं आणि तिथेच राहिलं, तसूभरही हललं नाही. कोपऱ्यातला आकडा उतरू लागला. सात. सहा. साडेपाच. सासू उजव्या हाताला येऊन मागे पडली. कमलाकांतचे ओठ हलत होते, पण आवाज त्याचा एकट्याचा नव्हता.

चार वाव. होडी खाडीत शिरली आणि थांबली.

"आलास," कमलाकांत म्हणाला आणि खाली कुरिअरवाला हाका मारत होता तरी उठला नाही.